डॉक्टरांनी माझं गिऱ्हाईक परत पाठवलं, म्हणजे मलाच!



चॅनेलचे जुने प्रेक्षक असाल तर तुम्हाला आठवत असेल, गेल्या वर्षी मी ओळीने पंधरा-वीस व्हिडिओ टोपी घालून केले होते. कमेंटमध्ये एकाने विचारलं, "सर, क्रिकेट अकॅडमी काढली का?" मी हसून सोडून दिलं. खरं कारण आज सांगतो. केस! छत्तिसाव्या वर्षी कपाळ वर वर सरकत चाललं होतं आणि कॅमेऱ्याचा लाइट नेमका तिथेच पडायचा. दुकानात काउंटरवर उभं असताना काही वाटत नाही हो, पण एडिटिंगला बसलं की तीन-तीन तास स्वतःचं टक्कल बघत बसायचं.

तर मी एका क्लिनिकमध्ये गेलो. नाव घेत नाही. तिथे टाय लावलेल्या मुलाने माझा फोटो काढला, टॅबवर त्याला कॉलेजातल्यासारखे केस चिकटवून दाखवले आणि म्हणाला, "पाच हजार ग्राफ्ट लागतील सर. आज बुकिंग केलंत तर प्रत्येक ग्राफ्टमागे दहा रुपये कमी." डॉक्टर कुठेच दिसले नाहीत. आता मी तुम्हाला दर आठवड्याला सांगतो की "आजच घ्या" म्हणणाऱ्यापासून चार हात लांब राहा. तोच मी मोबाइल काढला, स्कॅन केलं, वीस हजार ॲडव्हान्स देऊन मोकळा! उरलेले पैसे कुठून येणार होते? दिवाळीच्या मालासाठी बाजूला काढले होते, त्यातून. रेडिमेड कपड्यांच्या धंद्यात दिवाळीच्या पैशाला हात लावणं म्हणजे काय, हे दुकानदारांना वेगळं सांगायला नको.

घरी आलो तर बायको एवढंच म्हणाली, "अहो, निदान एखाद्या डॉक्टरला तरी दाखवा." म्हणून पुण्यात एका प्लास्टिक सर्जनची अपॉइंटमेंट घेतली. तिथे जे बघितलं ते एक दुकानदार म्हणून तुम्हाला सांगायचंय.

पहिली गोष्ट, डॉक्टर स्वतः समोर बसले. पंधरा-वीस मिनिटं तर नुसते प्रश्नच. वडिलांचे केस कसे आहेत? मामांचे? आजोबा साठीत कसे दिसायचे, फोटो आहे का? मी म्हटलं, डॉक्टर, केस माझे लावायचेत! ते म्हणाले, "तुमचं आज काय गेलंय ते मला दिसतंय. अजून काय जाणार आहे ते मामांच्या डोक्यावर दिसेल." मग भिंगातून डोक्याची मागची बाजू तपासली, केस ओले करून बघितले. आणि माझ्या हातात पेन्सिल देऊन आरशासमोर उभं केलं. "काढा रेष, कुठे हवेत केस?"

मी काढली. छान सरळ, खाली, बारावीच्या फोटोत होती तशी.

त्यांनी ती पुसली. तिच्यापेक्षा दोन बोटं वर दुसरी काढली, तीही वाकडीतिकडी, आणि दोन्ही कोपरे मागे गेलेलेच ठेवले. मला ते बघून राग आला, खोटं का बोलू? पैसे देऊन अर्धं टक्कल घ्यायचं?

मग त्यांनी समजावलं. मोठ्या माणसाच्या कपाळावरची केसांची रेषा भुवयांच्या मधल्या जागेपासून साधारण सात-आठ सेंटिमीटर किंवा त्याहून वर असते. मुलांची खाली असते, आणि मला हवी होती ती मुलाची रेषा. आज छान दिसली असती. पण मागचे माझे स्वतःचे केस गळत राहणार, लावलेले मात्र टिकणार. पन्नाशीत कपाळावर दाट पट्टा आणि त्यामागे मोकळं मैदान, असा माणूस तुम्ही बसमध्ये बघितला असेल. तो दुरून ओळखू येतो.

आता भांडवलाचा भाग, इथे नीट लक्ष द्या. लावायचे केस डोक्याच्या मागच्या आणि कानांवरच्या पट्ट्यातून काढतात, कारण तिथले केस सहसा गळत नाहीत. काढलेल्या जागी ते परत उगवत नाहीत. म्हणजे हा साठा एकदाच मिळतो. बहुतेक माणसांच्या बाबतीत सगळं आयुष्य धरून सुरक्षितपणे काढता येतात ते काही हजार ग्राफ्ट, आणि त्यातले पाच हजार तो टायवाला मुलगा माझ्या छत्तिसाव्या वर्षीच समोरच्या बाजूला खर्च करायला निघाला होता! उद्या टाळू रिकामी झाली तर तिथे लावायला काय उरलं असतं? बीबीएला वर्किंग कॅपिटलवर मी चांगले मार्क मिळवले होते, पण ते स्वतःच्या डोक्याला लावायचं सुचलं नाही.

आणि दर बघा. ग्राफ्टमागे पैसे घेणाऱ्याला ग्राफ्ट कमी लावायची इच्छा होईल का? मी सगळ्यांना एका माळेत ओवत नाही, असा दर लावणारे प्रामाणिक डॉक्टरही आहेत. पण तुमचा दर कशावर मोजला जातो, त्यावरून तुमचा सल्ला हळूहळू वाकायला लागतो. आमच्या दुकानात सेल्समनला नगावर कमिशन होतं तेव्हा गिऱ्हाइकाच्या पिशवीत तिसरा शर्ट हमखास जायचा आणि आठवड्यात बदलायला यायचा.

काम ओळखू का येतं, तेही डॉक्टरांनी सांगितलं. हे तंत्र लोकप्रिय केलं न्यूयॉर्कच्या नॉर्मन ओरेंट्राइच यांनी. 1952 मध्ये त्यांनी पहिली शस्त्रक्रिया केली, 1959 मध्ये त्यावर निबंध छापला. त्या काळी सुमारे चार मिलिमीटरचे गोल तुकडे काढून बसवायचे. एकेका तुकड्यात पंधरा-वीस केस, मध्ये मोकळी जागा. केस जगायचे, वाढायचे, सगळं शास्त्र बरोबर. पण दिसायचं बाहुलीच्या डोक्यासारखं. पुढे लक्षात आलं की केस मुळात एकेक, दोन-दोन, तीन-तीनच्या जुडग्याने उगवतात. आता तीच नैसर्गिक जुडगी वेगळी करून लावतात. अगदी पुढच्या ओळींत एकेकट्या केसाची, मागे दोन-तीनची. पुढचे केस जवळजवळ कातडीला टेकतील इतक्या तिरक्या कोनात. रेषा मुद्दाम अनियमित. आणि मूळ दाटीच्या साधारण निम्मीच दाटी केली तरी डोळ्याला भरलेलं वाटतं, त्यामुळे सगळा साठा ओतायची गरजच नसते. म्हणजे सगळं कौशल्य कशात, तर काम झालंय हे कुणाला कळू नये यात. धंदा म्हणून विचार करा, किती अवघड आहे हे! आपण बोर्ड लावतो, नाव छापतो. यांचं चांगलं काम रस्त्यातून फिरतं आणि कुणाला पत्ता लागत नाही.

मी म्हटलं, डॉक्टर, तुमची पेन्सिल आमच्या अल्टरेशनवाल्या काकांच्या खडूसारखी आहे. काकासुद्धा कात्री हातात घ्यायच्या आधी तीनदा खुणा करतात. डॉक्टर हसले आणि त्यांनी पुण्याचीच एक गोष्ट सांगितली. मी घरी येऊन ती शोधून वाचली.

1794 च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये एक पत्र छापून आलं. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा टिपूच्या कैदेत सापडला. तिथे त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या, विटा करणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवं नाक बसवलं. मुंबईकडच्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ते डोळ्यांनी पाहिलं. त्या कारागिराने आधी मेणाचा पातळ पत्रा घेऊन त्याचं नाक घडवलं, चेहऱ्यावर लावून बघितलं. मग तेच मेण सपाट करून कपाळावर ठेवलं, भोवती रेघ मारली आणि तेवढीच कातडी सोडवून खाली वळवली. दोन डोळ्यांच्या मध्ये कातडीचा एक पूल मुद्दाम जोडलेला ठेवला, म्हणजे रक्त मिळत राहील. तो तोडला साधारण पंचविसाव्या दिवशी. पत्रात लिहिलंय की नाक जवळजवळ मूळच्यासारखं दिसतं आणि कपाळावरचा व्रणही काही काळाने फारसा उठून दिसत नाही. ते वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू यांनी अभ्यास केला आणि 1814 मध्ये तिकडे अशी शस्त्रक्रिया केली. कावसजीचं नाव राहिलं, कार्प्यूंचं राहिलं. मेण घडवणाऱ्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही.

मला विचाराल तर मला त्यातलं ते मेण आवडलं. कातडी एकदा कापली की ट्रायल रूम नाही.

परत माझ्याकडे येऊ. शेवटी डॉक्टर म्हणाले, "आत्ता काही करायचं नाही. औषधं घ्या, वर्षभराने या. गळती कुठे थांबते ते बघू, मग ठरवू." फक्त तपासणीची फी घेतली. निघताना त्यांनी जुन्या पेशंटचे फोटो दाखवले, परवानगी घेऊन काढलेले. ओल्या केसांचे, डोक्यावर कडक लाइट टाकून काढलेले, वर्ष पूर्ण झाल्यानंतरचे. त्यातल्या एकाकडे बोट दाखवून म्हणाले, "इथे उजवीकडे मला अजून जमलं असतं." मी कधी माझ्या गिऱ्हाइकाला माझ्याच मालातली खोट दाखवली असेल, आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी बुकिंग रद्द केलं. वीस हजार बुडाले. पावतीवर बारीक अक्षरात लिहिलं होतं, मी वाचलं नव्हतं. दिवाळीचा माल वेळेवर आला.

जाता जाता, मेलमध्ये दोघा-तिघांनी विचारलंय: "सर, हेअर ट्रान्सप्लांट सेंटर टाकू का? टेक्निशियन ठेवतो, मशीन घेतो." माझं उत्तर: डॉक्टर नसाल तर नाही. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने 2022 मध्येच सांगितलंय की एखादी कार्यशाळा किंवा यूट्यूबवरचे व्हिडिओ बघून हे काम सुरू करता येणार नाही, त्यासाठी रीतसर शिकलेला डॉक्टर लागतो. यूट्यूबवाल्यानेच हे सांगावं ही गंमत आहे, पण सांगतोय. आणि माझं औषध कोणतं ते कमेंटमध्ये विचारू नका, तुमच्या डॉक्टरांना विचारा.

माझी पुढची तपासणी जूनमध्ये आहे. मामांचा साठीतला फोटो सापडलाय, तो घेऊन जाणार आहे. टोपी पुतण्याला देऊन टाकली.