वायुपुत्राचा घाट, विठोबाचा वारा

उस्मानपुऱ्यातून सायकल काढली की देवाच्या दोन वाटा. एक नगर नाक्यावरून गोलवाडी फाट्याकडे, वाळूजजवळच्या छोट्या पंढरपूरला. दुसरी छावणी, पडेगाव, मिटमिटा करत दौलताबादचा घाट चढून खुलताबादला, भद्रा मारुतीला. आता गंमत बघा पोरांनो. मारुती वायुपुत्र, पण त्याच्या वाटेवर जीव काढतो तो घाट. आणि विठोबाची वाट जवळजवळ सपाट, तर तिथे आषाढात वारा छातीवर हात ठेवून उभा!

"आबा, मग जास्त अवघड कुठली?" थोरल्याचा प्रश्न. थोरला अंगाने भरलेला, धाकटी काडीसारखी. उत्तर दोघांसाठी वेगवेगळं आहे, म्हणून जरा दमाने ऐका.

आधी घाट. घाटाला एकच गोष्ट कळते, वजन. तू 60 किलोचा, माझी ती जुनी काळी सायकल 20 किलोची, म्हणजे 80 किलो वर उचलायचे. दर 100 मीटरला 3 मीटर चढ असेल तर सायकलला मागे ओढणारं बळ सव्वादोन-अडीच किलोच्या वजनाइतकं. तू वाकून बस, ताठ बस, शर्टाची बटणं उघडी टाक, घाटाला त्याचं काही नाही. हळू गेलास तरी ओढ तेवढीच, फक्त ती जास्त वेळ सोसायची. धाकटी तिथे तुला हसत हसत मागे टाकेल, कारण तिला उचलायचंच कमी आहे.

पण घाट म्हणजे भिशी. चढताना घामाने भरलेला हप्ता उतरताना हातात येतो. खुलताबाद आपल्या शहरापेक्षा अडीच-तीनशे मीटर उंच. परतताना दिल्ली दरवाजाच्या अलीकडे-पलीकडे पायडल न मारता सायकल सुसाट सुटते, ती सकाळच्याच कष्टांवर. सगळी रक्कम मिळत नाही हेही खरं. वळणावर ब्रेक दाबावा लागतो आणि कमाई रबराच्या गुटक्यांत जळते. खाली पोचल्यावर रिमला बोट लावून बघा, कोमट लागते.

वाऱ्याकडे असला व्यवहार नाही. त्याला तुझं वजन दिसतच नाही. त्याला दिसतो तुझा आकार आणि तुझा वेग. तू ताशी 15 किलोमीटरने निघालास आणि समोरून 20 चा वारा आला, तर तोंडावर आदळणारा वारा 35 चा. आता हवेचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो. 15 चे 35 झाले, म्हणजे वेग सव्वादोनपटीहून थोडा जास्त. रेटा मात्र जवळजवळ साडेपाचपट. मी कागदावर मांडून बघितलं. ताठ बसून सायकल चालवणाऱ्याला एवढा वारा म्हणजे दर 100 मीटरला साधारण पावणेतीन मीटरचा चढ! नगर नाक्यापासून पंढरपूरपर्यंत डोळ्याला न दिसणारा घाट उभा असतो तो असा. आणि या घाटाला माथा नाही, उतारही नाही. तू खर्च केलेलं बळ तुझ्या पाठीमागे हवेच्या भोवऱ्यांत फिरत राहतं आणि शेवटी हवा नाममात्र गरम करून संपतं.

हा वारा येतो कुठून? उन्हाळ्यात वायव्य भारताची जमीन तापते, तिथे हवेचा दाब उतरतो आणि अरबी समुद्रावरची हवा तिकडे ओढली जाते. सह्याद्री चढताना ती आपलं पाणी कोकणात आणि घाटमाथ्यावर टाकते. पलीकडे उतरते तोवर हात मोकळे! मराठवाड्याच्या वाट्याला ढगांची पळापळ येते, वारा येतो, पाऊस मात्र बेताचा. शेतकरी वर बघत राहतो आणि वाळूजला कामावर निघालेला सायकलवाला खाली मान घालून पायडल रेटतो.

मी तिथल्या कंपनीत होतो तेव्हा हे पाय दुखवून शिकलो. दिवसा ऊन तापलं की वरच्या थरातली वेगवान हवा ढवळून खाली येते, म्हणून दुपारी वारा जोरात. रात्री जमीन गार पडते, ढवळणं थांबतं, वारा मंदावतो. फर्स्ट शिफ्टवाला पहाटे शांत हवेत पश्चिमेला जायचा आणि दुपारी वारा पाठीशी घेऊन घरी यायचा. सेकंड शिफ्टवाला भर दुपारी वाऱ्यात घुसायचा आणि मध्यरात्री सुटायचा तेव्हा वारा बसलेला. म्हणजे देणं पूर्ण, येणं शून्य. पगार दोघांना सारखाच.

"पण पाठीचा वारा मला कधी लागलाच नाही," धाकटी म्हणाली. लागणार कसा? 20 च्या वाऱ्याबरोबर तू 20 ने गेलीस तर अंगाला हवा लागतच नाही. पदर हलत नाही, घाम वाळत नाही, सगळीकडे सामसूम. माणसाला वाटतं, आज पाय काय मस्त चाललेत! श्रेय पायांना, शिव्या वाऱ्याला. त्यात आणखी एक फसवणूक: वारा अगदी बाजूने, काटकोनात आला तरी तो अडवतोच, कारण चालत्या सायकलला तो तिरपा समोरून लागतो. म्हणजे आठही दिशांचा हिशेब केला तर मदत करणाऱ्या दिशा निम्म्याहून कमी. वारा नेहमी उलटाच असतो ही सायकलवाल्यांची तक्रार अगदीच रडगाणं नव्हे.

नेदरलँड्स हा सपाट देश, तिथे घाटच नाहीत. म्हणून त्यांनी 2013 पासून उलट्या वाऱ्याची शर्यतच सुरू केली. समुद्र अडवायला बांधलेल्या भल्यामोठ्या बांधावर साडेआठ किलोमीटर, ताठ बसायची बिनगिअरची सायकल, आणि वादळी वाऱ्याचा अंदाज आला की जेमतेम दोन-तीन दिवस आधी तारीख जाहीर. आपल्याकडे दूधवाले हेच बिनबोभाट करतात. दोन्ही बाजूंना कॅन, म्हणजे घाटात वजन वाढलं आणि वाऱ्यात रुंदी.

वाऱ्यावर एक उपाय आहे जो घाटात फारसा चालत नाही: दुसऱ्याच्या आडोशाला जाणं. पुढच्याच्या चाकामागे हात-दीड हातावर राहिलं तर हवेचा रेटा पाव-तृतीयांशाने सहज कमी होतो. कंपनीत जाताना आम्ही पाळीपाळीने पुढे व्हायचो. एक जण मात्र कायम मागेच. त्याचं नाव सांगत नाही, अजून याच गल्लीत राहतो.

या आडोशाची कमाल केली ती चार्ल्स मर्फी नावाच्या अमेरिकन गड्याने. 30 जून 1899. लाँग आयलंडवर रुळांच्या मधे फळ्या टाकून सायकलपुरता रस्ता केला, रेल्वेच्या डब्यामागे लाकडी आडोसा बांधला, आणि हा बहाद्दर धावत्या गाडीच्या मागोमाग निघाला. एक मैल 57.8 सेकंदांत, म्हणजे ताशी 100 किलोमीटर! संपता संपता गाडी मंदावली, तो डब्यावर आदळणार एवढ्यात वरच्या माणसांनी त्याला सायकलसकट उचलून आत घेतलं. पाय त्याचेच होते, गाडीने त्याला ओढलं नव्हतं. तिने फक्त समोरची हवा बाजूला केली होती.

"आणि घाट असता तर?" थोरल्याने विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत धाकटी म्हणाली, "तर डब्याला दोरी बांधावी लागली असती."