माहिती चौकट : भुरी म्हैस, काळा रेडा

पूर्णेच्या काठची पूर्णाथडी म्हैस मुळी काळीच नाही. राखी, भुरकट, कधी पांढरट. अकोला, अमरावती, बुलडाणा हा तिचा मुलूख, त्यात खारपाणपट्टाही आला. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोची स्वतंत्र जात म्हणून मान्यता मात्र तिला उशिरा मिळाली; जानेवारी २०२३ मध्ये जाहीर झालेल्या दहा नव्या जातींत तिचं नाव आहे.

तिच्यापुढचा खरा प्रश्न संकराचा.

जास्त दुधासाठी हरियाणाच्या मुऱ्हा रेड्याचं वीर्य दर पिढीत वापरलं, की पहिल्या पिढीत पूर्णाथडीचा अंश ५० टक्के उरतो, दुसऱ्या पिढीत २५, तिसऱ्या पिढीत साडेबारा. चौथ्या पिढीला पूर्णाथडी म्हणायचं ते केवळ गोठ्याच्या पत्त्यावरून!

निसर्ग इथे आडवा येत नाही. घोड्याची गुणसूत्रं ६४, गाढवाची ६२. खेचराच्या वाट्याला ६३ येतात आणि त्याचा वंश बहुधा तिथेच थांबतो. गाय ६०, म्हैस ५०, त्यांचा तर संकरच होत नाही. मुऱ्हा आणि पूर्णाथडी दोघांचीही ५०. त्यामुळे मिश्र वासरं प्रजननक्षम निपजतात आणि सरमिसळ पुढे चालूच राहते.

आखून केलेला संकर वेगळा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या ‘फुले त्रिवेणी’ गाईत होल्स्टीन ५० टक्के, जर्सी २५ आणि गीर २५ हे प्रमाण ठरवून राखलं आहे. पूर्णाथडी टिकवायची तर तिच्याच जातीचे निवडक रेडे आणि त्यांच्या वीर्यमात्रा गावात मिळायला हव्यात.