किरकोळ विषय

महानगरपालिकेच्या सर्वसाधारण सभेचा वृत्तान्त छापून आला म्हणजे वाचक त्यांतील भांडणाचा भाग तेवढा वाचतो व पान उलटतो. कोणीं कोणास काय म्हटलें, कोणीं कागद फाडला, कोणीं सभात्याग केला, एवढ्यानें त्याचें समाधान होतें. त्याच वृत्तान्ताच्या तळाशीं 'इतर विषय चर्चेविना मंजूर झाले' अशी एक ओळ असते. ती कोणी वाचीत नाहीं. आमचें आजचें सांगणें त्या ओळीविषयीं आहे. अमरावती व अकोला या वऱ्हाडांतील दोन मोठ्या शहरांचा संसार भांडणाच्या बातमीवर चालत नाहीं. तो त्या एका ओळींत गुंडाळलेल्या विषयांवर चालतो, आणि बिघडतो तोही तेथेंच.

कोणत्याही सभेची विषयपत्रिका हातीं घ्यावी. आरंभीं मागील सभेचें इतिवृत्त कायम करणें असतें. मग एखाद्या चौकास नांव देणें, नालेसफाईच्या खर्चास कार्योत्तर मंजुरी, कचरा उचलण्याच्या कंत्राटास मुदतवाढ, बाजारांतील गाळ्यांच्या भाडेपट्ट्याचें नूतनीकरण, पथदिव्यांची देखभाल, जलवाहिनीची दुरुस्ती, असे विषय ओळीनें मांडलेले असतात. शेवटीं 'ऐनवेळचे विषय' म्हणून एक कप्पा मोकळा असतो. यांपैकीं चौकाच्या नांवावर तास दोन तास वाद रंगतो, कारण नांवाशीं भावना जडलेली असते. उरलेल्या विषयांशीं केवळ पैसा, पाणी व आरोग्य हीं जडलेलीं असतात, म्हणून ते दोन मिनिटांत आटोपतात!

कार्योत्तर मंजुरी म्हणजे काय, हें व्यापाऱ्यास समजावून सांगण्याची गरज नाहीं. मुनिमानें पैसे आधीं द्यावे व मालकानें मागाहून वहीवर सही करावी, असा तो प्रकार आहे. पूर आला, वाहिनी फुटली, साथ पसरली, तर खर्च आधीं करावा लागतो. कायद्यानेंही तशी मोकळीक ठेविली आहे व ती योग्यच आहे. परंतु पावसाळा दरवर्षीं जूनमध्येंच येतो. ज्या मृगाची वाट शेतकरी महिनाभर आधींपासून पाहतो, त्याच्यासाठीं करावयाच्या नालेसफाईस तांतडीचें काम म्हणणें ही मुनिमाची चतुराई झाली. मुदतवाढीचेंही तसेंच. कंत्राटाची मुदत केव्हां संपणार, हें तें देण्याच्या दिवशींच ठाऊक असतें. तरीही नवी निविदा वेळेवर निघाली नाहीं, कीं जुन्या कंत्राटास तीन महिने वाढ मिळते, पुन्हां तीन महिने मिळते, आणि स्पर्धेवांचून जुनेंच काम जुन्याच रीतीनें चालू राहतें. प्रत्येक मुदतवाढ निराळी पाहिली तर किरकोळच दिसते. त्यांची बेरीज करणें हें सभेचें काम आहे, आणि नेमकें तेंच राहून जातें.

किरकोळ म्हणून टाळलेल्या विषयांतून मोठा अनर्थ कसा उद्भवतो, याचें उदाहरण अकोल्यांतच आहे. अकोल्याची महानगरपालिका १ ऑक्टोबर २००१ रोजीं अस्तित्वांत आली. महानगरपालिकांच्या कायद्याप्रमाणें पुढील वर्षाच्या करांचे दर दरवर्षीं २० फेब्रुवारीच्या आंत सभेनें ठरवावयाचे असतात. म्हणजे हा विषय नेमानें सभेपुढें येणारा. तरी सुमारें सोळा वर्षें मालमत्ता कराच्या दरांत सुधारणा झाली नाहीं. वाढ सुचविणें कोणासच सोयीचें नव्हतें. शेवटीं २०१७ सालीं एकदम वाढ झाली, शहरांत खळबळ उडाली व प्रकरण न्यायालयांत गेलें. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें २०१९ सालीं ती वाढ रद्द ठरविली. २०२५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो निर्णय फिरवून वाढ ग्राह्य धरली. मधल्या काळांत आपण किती देणें लागतों हें घरमालकास निश्चित ठाऊक नव्हतें, आणि आपणांस किती येणें आहे हें महानगरपालिकेस ठाऊक नव्हतें.

वाढ कायदेशीर होती कीं नव्हती, याचा निकाल लागला आहे. तो वाद आम्ही उकरून काढूं इच्छीत नाहीं. आमचा प्रश्न निराळा आहे. दरवर्षीं फेब्रुवारींत या विषयावर मन लावून चर्चा झाली असती, खर्च किती वाढला, वसुली किती झाली, कोणाची घरें नोंदींतच नाहींत, हें विचारलें गेलें असतें, तर थोडी वाढ थोड्या कुरकुरीनें पचली असती, किंवा वाढ नको असेल तर कोणता खर्च कमी करावयाचा हें तरी ठरलें असतें. ज्या दुकानदारानें सोळा वर्षें रोजमेळ लिहिला पण खातें मिळविलें नाहीं, त्यास सतराव्या वर्षीं धक्का बसावयाचाच.

व्यापारी वर्गास हे विषय परके वाटूं लागले, यास एक कारण आहे. जकात होती तोंपर्यंत नाक्यावर त्याची महानगरपालिकेशीं रोज गांठ पडे. जकात गेली व तिच्या जागीं स्थानिक संस्था कर आला. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींच्या आंत उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांस त्यांतून सूट मिळाली, आणि १ जुलै २०१७ रोजीं वस्तु व सेवा कर सुरू झाल्यावर तो उरलासुरलाही सरला. व्यापाऱ्यानें सुटकेचा निःश्वास टाकला, तो रास्तच होता. पण नाक्याबरोबर त्याची चौकसबुद्धीही सुटली. जकातीची भरपाई राज्य सरकारच्या अनुदानांतून होऊं लागली आणि महानगरपालिकेच्या स्वतःच्या हातचें उत्पन्न म्हणून मुख्यतः मालमत्ता कर उरला. म्हणजे नाक्यावरील कर गेला, तरी दुकानाच्या जागेवरील कर राहिला, आणि त्याचा दर ठरतो तो याच सभेंत.

सभा नसली म्हणजे काय होतें, याचाही अनुभव या दोन्ही शहरांनीं घेतला आहे. १९९३ पासून अमलांत आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीप्रमाणें नगरसंस्थेची मुदत पांच वर्षांची असून ती संपण्यापूर्वीं नवी निवडणूक झाली पाहिजे. अमरावती व अकोला येथील सभासदांची मुदत मार्च २०२२ मध्यें संपली. निवडणूक झाली ती १५ जानेवारी २०२६ रोजीं. मधलीं जवळजवळ चार वर्षें प्रशासकाचा कारभार होता. सर्वसाधारण सभेचा अधिकार त्याचा, स्थायी समितीचा अधिकारही त्याचाच. प्रस्ताव ज्या कचेरींतून निघावयाचा, त्याच कचेरींत तो मंजूर व्हावयाचा.

या काळांत कामें झालींच नाहींत, असें म्हणणें अन्यायाचें होईल. सभागृहांतील गोंधळ थांबला, बरें झालें, असें म्हणणारेही पुष्कळ भेटतात. पण गोंधळाबरोबर प्रश्नही थांबले, हें त्यांनीं लक्षांत घेतलें पाहिजे. प्रशासक कितीही सचोटीचा असो, त्यास समोरून विचारणारा कोणी नव्हता. नाली तुंबली तर नागरिक अर्ज देऊं शकत होता. अर्ज देणारा कृपा मागतो; सभेंत प्रश्न विचारणारा हिशेब मागतो, व उत्तर न मिळाल्यास तेंही इतिवृत्तांत नोंदलें जातें. हा फरक थोडा नव्हे.

अमरावतींत ८७ व अकोल्यांत ८० जागा आहेत. त्यांवर निवडून येणाऱ्यांनीं हें मनांत धरावें कीं, त्यांची खरी परीक्षा महापौरपदाच्या चुरशींत होत नाहीं, ती या कंटाळवाण्या विषयांत होते. एकट्या सभासदाच्या बोलण्यानें काय साधतें, असें कोणी विचारील. जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळांत पुणें नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉयच्या स्वागताच्या खर्चाचा विषय सभेपुढें आला. अशा विषयास विरोध करावयाचा असतो, हेंच इतरांच्या मनांत आलें नाहीं. फुले यांनीं तो पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे लावावा असें सांगितलें व एकट्यानें विरुद्ध मत दिलें. त्यांच्या मतानें ठराव अडला नाहीं. पण नगरपालिकेचा पैसा कोणाचा, हा प्रश्न त्या दिवशीं विचारला गेला.

आमच्या वऱ्हाडांतही अशीं माणसें झालीं. डॉ. पंजाबराव देशमुख १९२८ सालीं अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. त्यांनीं प्राथमिक शिक्षणासाठीं कर वाढविला आणि सार्वजनिक विहिरी अस्पृश्य मानलेल्या समाजास खुल्या केल्या. कर वाढविणारा पुढारी लोकांस आवडत नाहीं, आणि त्या काळीं विहीर खुली करणारा तर त्याहूनही आवडत नसे. पण दोन्ही गोष्टी ठरावाच्या कागदावर न ठेवतां त्यांनीं करून दाखविल्या.

कागदावर राहिलेल्या ठरावाची कथा महाडची आहे. सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले असावेत, असा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलानें ऑगस्ट १९२३ मध्यें केला. त्यास अनुसरून महाड नगरपालिकेनें जानेवारी १९२४ मध्यें चवदार तळें खुलें केल्याचा ठराव केला. ठराव पुस्तकांत राहिला व तळें होतें तसेंच राहिलें. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांस २० मार्च १९२७ रोजीं हजारों लोकांसह जाऊन तें पाणी प्यावें लागलें, आणि त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें नगरपालिकेनें आपला ठराव मागें घेतला! मंजूर होणें व अमलांत येणें यांत किती अंतर असूं शकतें, हें यावरून दिसेल. म्हणून विषयपत्रिकेंतील अगदीं पहिला व सर्वांत नीरस विषय, म्हणजे मागील सभेचें इतिवृत्त कायम करणें, तोच आमच्या मतें सर्वांत महत्त्वाचा. मागें जें ठरविलें त्याचें पुढें काय झालें, हें विचारण्याची खरी वेळ तीच.

पाण्याचेंच पाहा. अकोल्यास पाणी येतें तें महान येथील काटेपूर्णा धरणांतून. अमरावतीस येतें तें ऊर्ध्व वर्धा धरणांतून, आणि तें पुरविण्याचें काम महानगरपालिकेकडे नसून महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडे राहिलें आहे. तेव्हां तेथील सभासदास तर एकाऐवजीं दोन कचेऱ्यांस जाब विचारावा लागतो. धरण भरलें म्हणजे नळ वाहतोच असें नाहीं. मध्यें पंप आहेत, टाक्या आहेत, वाहिन्या आहेत, आणि चाव्या फिरविणारा मनुष्य आहे. यांतील प्रत्येकाचा खर्च कोठें तरी किरकोळ विषय म्हणूनच मांडला जातो. नदीचेंही तेंच. जानेवारी २०१८ मध्यें अकोल्यांतील हजारों नागरिक मोर्णा नदीची जलकुंभी काढण्यास जमले. पंतप्रधानांनीं आकाशवाणीवरील आपल्या भाषणांत त्यांचा गौरव केला. तो उत्साह खरा होता व अभिमानास्पद होता. परंतु जलकुंभी पोसली जाते ती सांडपाण्यावर, आणि सांडपाणी नदींत जाऊं न देणें हें एका दिवसाच्या श्रमदानाचें काम नसून बारा महिन्यांच्या कारभाराचें आहे.

या गोष्टींचें ज्ञान पुरुषांहून स्त्रियांस अधिक असतें. राज्यांतील नगरसंस्थांत २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांसाठीं राखीव आहेत. नळ किती वाजतां येतो, किती वेळ टिकतो, बाजारांतील स्वच्छतागृहास कडी आहे कीं नाहीं, हें त्यांस कोणत्याही अभियंत्याच्या अहवालावांचून ठाऊक असतें. त्यांनीं स्वतः उठून बोलावें. त्यांच्या नांवें पतिराजांनीं कारभार पाहावा, ही रूढी जेथें असेल तेथें ती मोडलीच पाहिजे.

आमच्या मागण्या मोठ्या नाहींत. मुदतवाढीच्या प्रत्येक प्रस्तावावर ही कितवी वाढ आहे व मूळ दर काय होता, हें लिहावें. कार्योत्तर मंजुरी मागतांना खर्च आधीं कां करावा लागला, याचें कारण द्यावें. इतिवृत्त कायम करतेवेळीं मागील ठरावांपैकीं किती अमलांत आले, याचा तक्ता सभेपुढें ठेवावा. विषयपत्रिका मराठींत, सभेपूर्वीं पुरेसे दिवस, प्रत्येक विभागीय कार्यालयांत लावावी. यांतील एकाही गोष्टीस नवा कायदा लागत नाहीं. मागितल्यावांचून माहिती प्रसिद्ध करण्याचें कर्तव्य २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्यानें कचेऱ्यांवर घातलेलेंच आहे, आणि महानगरपालिकेची सभा एरवीं जनतेस खुलीच असते.

उरला नागरिकांचा भाग. प्रत्येक बाजारपेठेच्या व्यापारी संघानें व प्रत्येक मोहल्ल्यानें दर सभेस आपलीं दोन माणसें पाठवावीं. त्यांनीं घोषणा देऊं नयेत व कोणाची बाजूही घेऊं नये. कोणता विषय किती वेळांत संपला आणि त्यावर कोण बोललें, एवढें वहींत टिपून घ्यावें व आपल्या पेठेंत वाचून दाखवावें. हें काम व्यापाऱ्यास जड नाहीं. रोज संध्याकाळीं तो स्वतःच्या दुकानाचा हिशेब मिळवितोच. महिन्यांतून एक दुपार त्यानें शहराच्या हिशेबास द्यावी. प्रेक्षकांच्या बाकावर अशा चार वह्या उघडलेल्या दिसल्या, तर 'चर्चेविना मंजूर' असें म्हणण्यापूर्वीं सभागृह एकदां थांबेल, असा आमचा विश्वास आहे.