जात्यावरची हळद

मांडव नंतर, आधी जाते! नगर जिल्ह्यातील कोणत्याही खेड्यात जुन्या बायांना विचारा, त्या हेच सांगतील. जात्याला हळदकुंकू वाहायचे, आंब्याची पाने बांधायची, पाच सवाष्णींनी खुंट्याला हात लावायचा आणि दळता दळता गायचे. पहिली ओवी देवाची. मग माहेर, भाऊराया आणि सासरी निघालेली लेक. हळकुंडांची पूड होईपर्यंत अर्ध्या लग्नघराचे डोळे ओले झालेले असत.

ओवी आणि हा जिल्हा यांचे नाते मोठे जुने. इ.स. १२९० मध्ये ज्ञानेश्वरांनी नेवाशास गीतेवर टीका सांगितली, ती ओवीतच. बायकांच्या जात्यावरच्या ओवीची ती ग्रंथात बसलेली बहीण.

पुढे पिठाची गिरणी आली. पहाटेच्या दळणातून बायका सुटल्या, याचे दुःख कोण करील? पण दळणाबरोबर गाणेही गेले. आता हळद पुडीतून येते आणि कार्यालयातले जाते फोटोपुरते दोन फेरे फिरते.

हे आपल्याकडेच घडले असे मात्र नाही. चीनमध्ये लग्नाचा रंग लाल. वधूवर वडीलधाऱ्यांना वाकून चहा देतात आणि आशीर्वादासोबत लाल पाकीट घेतात. तिकडे काही भागांत वधूने रडत रडत गाणी म्हणण्याची रीतही होती. हुनान प्रांतातील ज्यांगयोंग येथे तर बायकांची स्वतःची लिपी होती, न्यूशू. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी नववधूला मैत्रिणींनी या लिपीत लिहिलेली वही भेट मिळे. ही लिपी परंपरेने शिकलेल्या अखेरच्या यांग हुआन्यी २००४ मध्ये निवर्तल्या. आज तेथे संग्रहालय आहे. मागची पिढी गेल्यावर तेवढेच हाती राहते.

आपले दैव थोडे बरे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी सहकाऱ्यांसह खेडोपाडी हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. नगर जिल्ह्यातल्या बायांचे शब्दही त्यांत आहेत. २०१७ पासून हा ठेवा ‘परी’ या संस्थेने सर्वांसाठी खुला केला आहे.

पण साठवलेली ओवी वेगळी आणि घरात गायलेली वेगळी. येथे एक अवघड गोष्ट बोलायलाच हवी. घरात सर्वांत जास्त ओव्या ज्या आजीला येतात, ती पुष्कळदा विधवा असते. जात्याला हात मात्र सवाष्णींचेच लागायचे! म्हणजे ठेवा जिच्यापाशी, तिलाच आपण कोपऱ्यात बसवतो आणि मग परंपरा बुडाली म्हणून हळहळतो. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाने ४ मे २०२२ रोजी विधवांचे कुंकू पुसण्याची, बांगड्या फोडण्याची प्रथा बंद करण्याचा ठराव केला. ग्रामपंचायतीला जे जमले ते आपल्या घराला का जमू नये?

जुने सगळेच जपायचे नसते. निवडून घ्यायचे असते. हुंडा टाकावा, ओवी ठेवावी. पुढच्या हळदीला आजीला खुंट्याजवळ बसवा आणि पहिली ओवी तिलाच म्हणू द्या. नातीने शेजारी बसून ती मोबाईलवर टिपून घ्यावी, आणि दुसरी ओवी आजीबरोबर स्वतः म्हणावी.