पोते गोदामातून गेले, पुढे काय?



हंगाम सुरू झाला की आपल्या चावडीवर बोलणे चालते ते तोडणीचे, वाहनांचे, उताऱ्याचे आणि पहिल्या हप्त्याचे. पोती गोदामात थप्पीला लागली की आपले काम संपले असे आपण धरून चालतो. पण उसाचे पैसे होतात ते साखर विकल्यावर! म्हणून या अंकात विक्रीची बाजू मांडत आहोत.

साखर विकते कशी? कारखाना निविदा काढतो. व्यापारी एस-३०, एम-३० अशा प्रतीप्रमाणे क्विंटलचा भाव भरतात. ज्याचा भाव चढा, त्याला माल. तो पैसे भरून ठरल्या मुदतीत पोती उचलतो. पुढे घाऊक पेठ, मग किरकोळ दुकान, मग घर. बराच माल तर थंड पेये, बिस्किटे आणि मिठाई करणाऱ्यांकडे जातो. चहात साखर घालणाऱ्या माउलीला ती कोणाच्या शिवारातली हे ठाऊक नसते, आणि दाणा बारीक की रंग पिवळट, ही तिची तक्रार आपल्या कानी येत नाही.

याचे मूळ जुने आहे. १९६७ पासून साखरेचा काही हिस्सा लेव्ही म्हणून सरकारी दराने रेशनला जाई. बाकीची खुल्या बाजारात कधी सोडायची, तेही दिल्लीहून ठरे. गिऱ्हाईक शोधण्याची सवय लागणार कशी? लेव्ही २०१३ साली गेली. २०१८ साली महिन्याचा विक्री कोटा पुन्हा आला आणि किलोला २९ रुपये किमान विक्री दर बांधला गेला. २०१९ मध्ये तो ३१ झाला.

आता खेडा जिल्ह्यातील दूध उत्पादकांचे पाहा. १९४६ साली त्यांनी संघ काढला. दूध गोळा करून ते थांबले नाहीत. 'अमूल' हे नाव घेतले आणि लोण्याच्या जाहिरातीतून ते घरोघरी नेले. १९७३ साली गुजरातच्या दूध संघांनी विक्रीसाठी एकच महासंघ उभारला. संघासंघांत भावाची चढाओढ राहिली नाही, आणि गिऱ्हाईक नाव घेऊन माल मागू लागले.

मग आपणही पुड्या भरून विकाव्यात का? जपून बोलले पाहिजे. लोण्याला चव असते. साखर मात्र सगळ्यांची गोडच. एक किलो, पाच किलोच्या पिशव्यांना भरणी, वाहतूक, दुकानदाराची उधारी असा खर्च येतो. तो वजा जाता क्विंटलमागे चार पैसे जास्त उरले तरच त्यात अर्थ. पण मिठाईवाले, बिस्किटवाले यांच्याशी थेट बोलणी करणे, त्यांना कोणता दाणा, कोणता रंग हवा हे विचारणे, आणि तक्रार आली तर त्याच आठवड्यात उत्तर देणे, याला फारसे भांडवल लागत नाही.

यात आपले काय अडले आहे? कायद्याने ऊस दिल्यापासून १४ दिवसांत एफआरपीचे पैसे द्यायचे असतात. साखर मात्र महिनोन् महिने विकत राहते. मधला काळ बँकेच्या मालतारण कर्जावर निघतो, आणि त्याचे व्याज शेवटी तुमच्या-आमच्याच टनामागून जाते.

सभासदाचाही यात वाटा आहे. ऊस तोडून दोन-तीन दिवस फडात पडला, की रसात डेक्स्ट्रान वाढते, दाणा नीट बसत नाही. पाचट, वाढे, माती आली की रंग बिघडतो. पेठेत भाव पडतो तो इथून! ताजा, स्वच्छ ऊस देणे ही विक्रीची पहिली पायरी.

येत्या वार्षिक सभेत अहवाल हाती आला, की गाळपाच्या आकड्याशेजारचा विक्रीचा आकडाही वाचा. कोणत्या महिन्यात, कोणत्या प्रतीची, काय भावाने साखर गेली? मालतारणाचे व्याज किती झाले? संकोच न करता विचारा. कारखाना आपला आहे, तसे त्याचे गिऱ्हाईकही आपलेच आहे.