खुराड्यातला सासुरवास

गटाच्या बैठकीत कोंबडीपालनाचा विषय निघाला की एक तक्रार हमखास येते. "एक कोंबडी बाकीच्यांना दाणाच टिपू देत नाही." "नव्या कोंबडीच्या पाठीची पिसं उपटून काढली." "रक्त निघालं आणि मग सगळ्याच तिच्यावर तुटून पडल्या." शेवटी ती कोंबडी मरते, नाहीतर मिळेल त्या भावात विकावी लागते. अंड्यांचे पैसे थेट बाईच्या हातात येतात. म्हणून हा त्रास का होतो आणि कसा थांबवायचा, ते आज समजून घेऊ.

आधी एक गोष्ट पक्की करू. कोंबड्यांमध्ये मानपान असतोच. पहिली कोण, दुसरी कोण, शेवटची कोण, हे त्या चोचीनं ठरवतात. नॉर्वे देशातल्या शेल्डेरुप-एब्बे यांनी लहानपणापासून कोंबड्या न्याहाळल्या आणि १९२२ साली हे शास्त्रीय पद्धतीनं मांडलं. प्रत्येक कोंबडी आपल्या खालचीला टोचते आणि वरचीपुढं मान खाली घालते. एकदा क्रम ठरला की भांडण मिटतं. वरचीनं एक टोच मारली, खालची बाजूला झाली, विषय संपला. यात आपण पडायचं नाही. पण पिसं उपटली जात असतील, एखादी दिवसभर कोपऱ्यात दबून बसत असेल, दाण्याकडं येतच नसेल किंवा रक्त दिसत असेल, तर गोष्ट मानपानाच्या पुढं गेली असं समजा.

अशा वेळी आपण म्हणतो, "ती कोंबडीच खाष्ट आहे." कधी कधी ते खरंही असतं. पण बहुतेक वेळा खुराड्यात काहीतरी कमी पडत असतं, आणि जे कमी पडतं त्यावरून बळी तो कान पिळी सुरू होतं. ते काय, हे एकेक करून पाहू.

पहिली जागा. मांजरी बुद्रुक, वाघोली, नऱ्हे, खडकवासला ही गावं २०२१ साली पुणे महापालिकेत आली. तिकडं परसांच्या जागी इमारती झाल्या. उकिरडा उकरत फिरणारी कोंबडी आता गाड्या, कुत्री आणि शेजाऱ्यांच्या तक्रारी यांमुळं दिवसभर खुराड्यात असते. खेड्यातही शेतात पीक उभं असताना आपण कोंबड्या कोंडतोच. मोकळ्या अंगणात दुबळी कोंबडी पळून जाते. खुराड्यात ती पळणार कुठं?

हिशेब सोपा आहे. दिवसरात्र कोंडलेल्या मोठ्या कोंबडीला निदान २ चौरस फूट जागा लागते. खुराडं ६ फूट लांब आणि ४ फूट रुंद असेल, तर २४ चौरस फूट झाले. म्हणजे १२ कोंबड्या, जास्त नाहीत. खडकीला पशुसंवर्धन खात्याचं मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे. अशा केंद्रातून गट एकदम पिल्लं घेतो. पिल्लं लहान असताना जागा भरपूर वाटते. चार महिन्यांनी तीच जागा अपुरी पडते आणि टोचाटोची सुरू होते. म्हणून पिल्लं मोजून घेताना मोठ्या कोंबड्यांचा हिशेब धरा. जागा वाढवता येत नसेल, तर आत बांबूच्या दांड्या बांधा. एका कोंबडीला वीतभर दांडी पुरते. दुबळीला वर चढून बसायला ठिकाण मिळतं.

दुसरी गोष्ट भांडी. एकच भांडं असलं की दांडगी कोंबडी त्यावर ठाण मांडते. खाद्याची आणि पाण्याची दोन-दोन भांडी ठेवा, तीही समोरासमोरच्या कोपऱ्यांत. एकाच वेळी दोन्हीकडं पहारा देणं तिला जमत नाही.

तिसरी गोष्ट खाद्य. नुसती कणी, बाजरी आणि उरलेला भात यांत प्रथिनं कमी असतात. ती कमी पडली की कोंबड्या एकमेकींची पिसं खातात. लेयर मॅश देता आलं तर उत्तम. नाहीतर सुकटीचा चुरा, बुरशी नसलेली शेंगदाणा पेंड, शेवग्याचा पाला, वाळवी असं काही रोज द्या. अंड्यावरच्या कोंबड्यांना शिंपल्यांचा चुराही हवा. पालेभाजीची जुडी दोरीनं उंचावर टांगा. कोंबड्या ती टिपत राहतात आणि रिकामी चोच दुसरीच्या पाठीकडं वळत नाही.

चौथी गोष्ट उजेड आणि ऊन. पिल्लांना पिसं येऊन ऊब लागेनाशी झाली की रात्रीचा दिवा काढा. खूप उजेडात लाल कातडी, छोटी जखम लगेच नजरेत भरते. पत्र्याखाली उन्हाळ्यात कोंबड्या चिडतात. पत्र्यावर पाचट टाका, पाणी गार ठेवा.

पाचवी गोष्ट अंडी घालण्याची जागा. अंडं घातल्यावर कोंबडीचा मागचा भाग थोडा वेळ लाल दिसतो. उघड्यावर बसली तर दुसऱ्या तिथंच टोचतात. चार-पाच कोंबड्यांमागं एक अंधारं खोकं किंवा टोपली ठेवा. उवा-पिसवांनीही कोंबड्या बेचैन होतात. त्यासाठी राख आणि वाळू मिसळून एका घमेल्यात ठेवा. त्यात लोळून त्या स्वतःच अंग साफ करतात.

आता नव्या कोंबडीचं पाहू. बाजारातून आणलेली कोंबडी थेट खुराड्यात सोडू नका. आधी दोन-तीन आठवडे लांब ठेवा, म्हणजे मानमोडीसारखा रोग असेल तर कळेल. मग आठवडाभर मध्ये जाळी लावून शेजारी ठेवा. सगळ्या एकमेकींना पाहू देत. नंतर अंधार पडल्यावर तिला दांडीवर नेऊन बसवा. शक्यतो एकटी आणू नका. दोघी-तिघी असल्या की मार वाटला जातो. वयानं आणि अंगानं फार लहान पिल्लं मोठ्यांत सोडूच नका. कोंबडेही मोजके ठेवा, आठ-दहा कोंबड्यांमागं एक पुरे.

रक्त निघालं तर मात्र थांबू नका. जखमी कोंबडीला लगेच बाहेर काढा. कोमट मिठाच्या पाण्यानं जखम धुवा, हळद खोबरेल तेलात कालवून लावा. जखम खोल असेल तर पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. तिला डालग्याखाली ठेवा, पण बाकीच्यांना दिसेल अशी. फार दिवस नजरेआड राहिली तर परत आल्यावर ती परकी ठरते. एकच कोंबडी सगळ्यांना छळत असेल, तर छळणारीलाच चार-पाच दिवस वेगळी ठेवा. परत येते तेव्हा तिचा मान उतरलेला असतो.

आणि घरी विळीनं, कात्रीनं चोच कापू नका. चोचीत नसा आणि रक्त असतं. चोच दुखली की कोंबडी खात नाही, अंडी बंद होतात, परसात किडेही टिपता येत नाहीत. जागा, भांडं आणि खाद्य कमी आहे तोवर चोच कापून भांडण मिटत नाही.

या आठवड्यात प्रत्येकीनं एवढं करा. खुराड्याची लांबी-रुंदी मोजा, कोंबड्या मोजा, भागाकार करा. सकाळी दाणा टाकल्यावर पाव तास तिथंच बसा आणि शेवटी खायला कोण येते ते पाहा. तिच्या पोटात दाणा पडतो का, हे आपल्याला कळलं पाहिजे. पुढच्या बैठकीत आपापले आकडे घेऊन या.