जालना प्रांतातील हेर

इतिहासात लढवय्याचे नाव राहते. त्याला वाट दाखविणाऱ्याचे सहसा राहत नाही. हेराचा व्यवसायच असा की, तो जितका उत्तम साधेल तितका त्याचा माग कमी उरावा. म्हणून हेरांचे स्मरण करावयाचे झाल्यास मोठमोठ्या ग्रंथांपेक्षा एखाद्या प्रांताच्या नद्या, उतार व आडवाटा यांकडेच वळणे प्राप्त होते. या दृष्टीने जालना जिल्हा विशेष बोलका आहे. १ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्यातून तो वेगळा झाला. परंतु त्याच्या भूमीवर तीन वेगवेगळ्या शतकांत बातमीदारांनी जे कार्य केले, ते घरातील मुलामाणसांनी आवर्जून जाणून घ्यावे असे आहे.

पहिला प्रसंग नोव्हेंबर १६७९ मधील. दिलेरखानाने विजापुरास वेढा घातला होता. त्याचा जोर ओसरावा म्हणून शिवछत्रपती मोगलांच्या मुलखात शिरले व जालनापूरची संपन्न पेठ त्यांनी लुटली. सोनेनाणे, जडजवाहीर, कापड, घोडे व उंट हाती लागले. पण परतीच्या वाटेवर ही लूटच अडचणीची ठरली, कारण ओझ्याने लादलेली जनावरे सावकाश चालतात. मोगल सरदार रणमस्तखान याने पाठीवर येऊन गाठले. सिधोजी निंबाळकर त्यास अडवून धरीत असता धारातीर्थी पडले. इतक्यात मोगलांच्या अधिक फौजा येत असल्याचे कळले. अशा समयी जासूदांचा नाईक बहिर्जी पुढे झाला आणि तीन दिवस अहोरात्र आडमार्गाने चालवून त्याने महाराजांस पट्टा किल्ल्याच्या आश्रयास सुखरूप पोहोचविले. महाराजांनी तेथे विसावा घेतला, म्हणून तो विश्रामगड झाला.

कृष्णाजी अनंत सभासदाने आपल्या बखरीत बहिर्जीचे नाव नोंदविले, हे आपले भाग्य. सिधोजींनी प्राण वेचून जो अवधी मिळविला, त्याचे सार्थक बहिर्जीच्या भूमिज्ञानाने झाले. ती आडवाट चुकती तर एका शूराचे बलिदान व्यर्थ गेले असते. वीर व हेर यांची तुलना करून एकास थोर व दुसऱ्यास दुय्यम ठरविणारांनी या प्रसंगाचा विचार करावा.

दुसऱ्या प्रसंगात हेर शत्रूच्या चाकरीत आहेत; तरीही त्यातील धडा मोलाचा आहे. १८०३ साली दौलतराव शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजा भोकरदनच्या आसपास उतरल्या होत्या. २१ सप्टेंबरला बदनापूर येथे जनरल वेलस्ली व कर्नल स्टीव्हन्सन यांची भेट झाली आणि दोघांनी दोन वाटांनी जाऊन २४ तारखेस एकदम हल्ला करावा असे ठरले. शत्रू कोठे आहे, असे विचारता हरकारे म्हणाले, ‘भोकरदनास.’ हे उत्तर खोटे नव्हते. परंतु भोकरदन हे गावाचे नाव, तसेच सभोवतालच्या परगण्याचेही. छावणीचे उजवे टोक गावाशी होते; पायदळ व तोफा मात्र तेथून तीनचार कोसांवर असईजवळ होत्या. त्यामुळे २३ तारखेसच वेलस्लीला अवचित संपूर्ण सैन्य समोर दिसले. स्टीव्हन्सनची वाट न पाहता त्याने लढाईचा निश्चय केला.

केळणा नदीस उतार नाही, असे वाटाडे एकमुखाने सांगत होते. परंतु इंग्रजी कागदांत पीपलगाव व वारूर म्हणून येणारी दोन गावे नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दिसली. इतक्या जवळ वसलेल्या गावांत येणेजाणे असणारच, असा तर्क त्याने बांधला. तो खरा ठरला व सैन्य तेथून पार झाले. लढाईत त्याची पंधराशेंहून अधिक माणसे मेली वा घायाळ झाली. मराठ्यांच्या ९८ तोफा गेल्या. पुढे १८१५ मध्ये वॉटर्लू येथे नेपोलियनला हरविणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन तो हाच. येथे हरकाऱ्यांची वार्ता खरी असून ऐकणाऱ्याने तिचा अर्थ चुकविला. आणि वाटाड्यांची वार्ता खोटी असूनही भूमीने तिचे खंडन केले. बहिर्जीच्या अंगी या दोन्ही विद्या एकवटल्या होत्या.

तिसरा प्रसंग त्याच बदनापूरच्या परिसरातला. १९४७ साली हिंदुस्थान स्वतंत्र झाला, तरी निजामाने सामील होण्याचे नाकारले आणि रझाकारांचा जुलूम सुरू झाला. अशा काळी धोपटेश्वर येथील दगडाबाई शेळके यांनी लढणाऱ्यांस भाकरी, निरोप व शस्त्रेही पोहोचविली. त्या घोड्यावर बसत, हत्यार चालवीत. लोक त्यांस ‘मराठवाड्याची झाशीची राणी’ म्हणू लागले. डोक्यावर टोपली घेऊन जाणाऱ्या बाईकडे शिपायाचे लक्ष सहसा जात नाही, हेच अशा कार्याचे सामर्थ्य. १३ सप्टेंबर १९४८ रोजी हिंदी फौजा संस्थानात शिरल्या व १७ तारखेस निजामी राजवट संपली. या विजयाच्या मागे निरोप नेणारी, दारे उघडणारी व तोंड मिटून राहणारी असंख्य माणसे होती; त्यांपैकी बहुतेकांची नावे कोणत्याही फलकावर नाहीत.

ती नावे कोठे सापडतील? घरांतच. संकटकाळी एखादे पत्र कोणी लपविले, पाहुणा म्हणून कोणास ठेविले, कोणत्या पाऊलवाटेने मध्यरात्री कोण गेले, या गोष्टी वडीलधाऱ्या मंडळींस ऐकून ठाऊक असतात. त्या वेळी गप्प राहणे हे कर्तव्य होते. आता तो धोका उरला नाही आणि त्या पिढीची माणसे फार थोडी राहिली आहेत. म्हणून घरातील शिकलेल्या मुलामुलींनी आजीआजोबांजवळ बसून या हकिकती, स्थळांच्या जुन्या नावांसह, वहीत उतरून घ्याव्यात. एका गावाच्या नावाचा अर्थ चुकल्याने केवढा घोटाळा होतो, हे भोकरदनाने दाखविलेच आहे.